बोर्ड फुकटचा, नोटीस माझ्या नावाची

पत्राचा सारांश: पश्चिम महाराष्ट्रातल्या एका महानगरपालिकेच्या हद्दीत एका ताईंचं नाश्ता सेंटर आहे. गाळा भाड्याचा, तळमजल्यावर, वर सोसायटी. सकाळी सहाला दुकान उघडतं, दुपारी तीनला बंद होतं. चौदा महिन्यांपूर्वी एका शीतपेय कंपनीच्या माणसाने त्यांना बारा बाय चार फुटांचा ग्लो साइन (आतून दिवा पेटणारा) बोर्ड फुकट बसवून दिला. आता पालिकेच्या परवाना विभागाची नोटीस आली आहे: विनापरवाना प्रकाशित फलक, तीन वर्षांचं शुल्क भरा, नाहीतर सात दिवसांत काढून टाकू. याशिवाय फुटपाथवर एक स्टँडी आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबाला एक फ्लेक्स आहे. यजमान म्हणतात, भरून टाक, कटकट नको. दीर म्हणतात, नगरसेवकाला फोन करतो, कोणी हात लावणार नाही. एक गृहस्थ दुकानात येऊन ‘पाच हजारांत मिटवतो, पावतीचं बघू नका’ असं सांगून गेले. समोरच्या मोबाइलवाल्याचा बोर्ड याहून मोठा, त्याला नोटीस नाही. सासूबाईंचं म्हणणं, बोर्डच काढ, गिऱ्हाईक आपल्याला ओळखतं. ताईंचा प्रश्न: ‘स्वतःच्या दुकानावर स्वतःचं नाव लावायचे पैसे का द्यायचे? भरू, भांडू की काढून टाकू?’

ताई,

पत्रासोबत बोर्डाचा फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. बारा फुटांपैकी आठेक फूट कंपनीची बाटली आणि कंपनीचं नाव आहे. उरलेल्या जागेत तुमच्या सेंटरचं नाव, आणि त्याच्याखाली दाटीवाटीने चहा, पोहे, मिसळ. ‘स्वतःचं नाव लावायचे पैसे’ हा तुमचा प्रश्न रास्त आहे, पण तो या बोर्डाला लागू होतो का? मला तर हा कंपनीचा बोर्ड वाटतो, ज्यावर तुम्हाला थोडी जागा मिळाली आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी पाहू, कारण तो तुमच्या बाजूने थोडा आहे आणि ते तुम्हाला कोणी सांगितलेलं दिसत नाही. मुंबई वगळता राज्यातल्या महानगरपालिकांना १९४९ चा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू आहे. त्यातलं कलम २४४ आकाशचिन्हांचं, म्हणजे गच्चीवर उभारलेल्या, मागे आकाश दिसणाऱ्या पाट्यांचं; २४५ जाहिरातींचं. या विषयावर सरकारने २०२२ मध्ये सविस्तर नियमही केले आहेत. कलम २४५ सांगतं की आयुक्तांच्या लेखी परवानगीशिवाय कुठल्याही जागेवर, भिंतीवर, इमारतीवर जाहिरात लावायची नाही. पण त्यातच सूट दिली आहे. ज्या इमारतीत धंदा चालतो त्याच इमारतीवर त्याच धंद्याची माहिती देणारा फलक असेल, तर परवानगी लागत नाही. दुकानाच्या काचेच्या आत लावलेल्या फलकालाही लागत नाही. मात्र दोन अटी: फलक प्रकाशित नको आणि आकाशचिन्ह नको.

म्हणजे तुमचा राग निम्मा बरोबर आहे. स्वतःच्या दुकानावर स्वतःचं साधं नाव लावायला त्या कलमाखाली परवानगी लागत नाही. आत दिवा पेटला की लागते. तुम्ही ती पेयं विकता, म्हणून बाटलीचं चित्र हीसुद्धा तुमच्याच धंद्याची माहिती, असा युक्तिवाद कोणी वकील करेलही. पण बोर्ड प्रकाशित आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत तो वाद काढायची वेळच येत नाही.

आता मला पडलेला प्रश्न. तुमचं दुकान तीनला बंद होतं. तुम्हीच लिहिलंय की बोर्डाला टायमर आहे आणि तो संध्याकाळी सात ते रात्री अकरा चालतो, कंपनीच्या माणसाने तसं लावून दिलंय. मग रात्री शटर खाली असताना तो बोर्ड कोणासाठी पेटतो? वीज तुमच्या मीटरची, भिंत तुमच्या गाळ्याची, नोटीस तुमच्या नावाची आणि रात्री अकरापर्यंत जाहिरात बाटलीची. फुकटच्या बोर्डाचा हिशेब असा मांडून पाहिलात तर बराचसा गुंता सुटेल. कंपनीच्या माणसाला दोष देत नाही. बोर्ड लावणं हे त्याचं कामच आहे. पण परवानगी कोण काढणार हे त्याने सांगितलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही.

नोटिशीला उत्तर द्यायचं, आणि मुदतीच्या आत द्यायचं, हे तातडीचं. यजमानांचं ‘भरून टाक’ आणि दिरांचं ‘फोन करतो’ या दोन्हींत एक गोष्ट सारखी आहे: तुमचं म्हणणं कागदावर राहत नाही. निदान यजमानांच्या मार्गात पावती तरी मिळेल. नगरसेवकाच्या फोनने नोटीस रद्द होत नाही, फाइल कपाटात जाते इतकंच. निरीक्षक बदलला की ती पुन्हा बाहेर येते, आणि तोपर्यंत थकबाकी वाढलेली असते.

पण तीन वर्षांचं शुल्क जसंच्या तसं भरू नका. बोर्ड चौदा महिन्यांचा आहे ना? मग तीन वर्षं कुठून आली? याचा पुरावा तुमच्याकडे असणार: बोर्ड बसवताना कंपनीच्या माणसाने सही घेतलेलं चलन, त्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेला ‘आफ्टर’ फोटो, नाहीतर तुमच्याच मोबाइलमधला दुकानाचा एखादा जुना फोटो, ज्यात जुना बोर्ड दिसतो. शुल्क साधारणपणे चौरस फुटांवर असतं. बारा गुणिले चार, म्हणजे अठ्ठेचाळीस चौरस फूट. याला दर किती लावला, प्रकाशित फलकाचा वेगळा दर आहे का, तो कुठल्या ठरावाने ठरला, दंड किती आणि शुल्क किती, हे नोटिशीत वेगवेगळं लिहिलेलं नसेल तर मागा. आणखी एक बघा: नोटिशीत ‘जाहिरात कर’ लिहिलंय की ‘परवाना शुल्क’? जाहिरातीवर कर लावण्याची राज्यांच्या यादीतली नोंद जीएसटीसाठी झालेल्या १०१ व्या घटनादुरुस्तीने काढून टाकली. तेव्हापासून पालिका घेतात ते परवानगीचं शुल्क म्हणून. जुना छापील नमुना असेल तर त्यावर ‘कर’ असू शकतं. कुठल्या तरतुदीखाली हे विचारायला हरकत नाही.

उत्तर साधं असू द्या. अशा मजकुराने चालेल:

‘आपल्या क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या नोटिशीस अनुसरून कळवते की, सदर फलक दिनांक अमुक रोजी बसवण्यात आला असून त्याचा पुरावा सोबत जोडला आहे. त्यापूर्वीच्या कालावधीची आकारणी कृपया वगळावी. आकारणीचा तपशील, म्हणजे क्षेत्रफळ, दर, कालावधी, दंड आणि दराचा आधार, लेखी मिळावा. फलकावरील प्रकाशयोजना आजपासून बंद केली आहे. सदर फलक काढून त्याजागी अप्रकाशित नामफलक लावण्याचा मानस असून त्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मिळावी.’

दोन प्रती काढा. एक द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेब आले की बघतील’ असं कोणी म्हटलं तर हसून तिथेच उभ्या राहा. पोच मिळाल्याशिवाय निघायचं नाही. आणि पत्रात दिवा बंद केला असं लिहिल्यावर टायमरची पिन त्याच संध्याकाळी खरंच काढा.

पाच हजारवाल्या गृहस्थांबद्दल फार लिहीत नाही. पावती नसलेला पैसा पालिकेच्या हिशेबात तुम्ही भरलेलाच नसतो, म्हणजे उद्या तेच शुल्क तुम्ही पुन्हा देणं लागता. त्यांना एकच वाक्य सांगा: ‘चलन पाठवा, ऑनलाइन भरते.’ बहुतेक तेवढ्याने येणं थांबतं. ते खरोखर पालिकेचे कर्मचारी असतील आणि मागणी चालूच राहिली, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४ आहे. फोन करण्याआधी घरात बोलून घ्या, कारण सापळा म्हटला की साक्ष आली, तारखा आल्या. तेवढी तयारी नसेल तर नुसतं पैसे न देणंही पुरेसं आहे. त्यात कमीपणा काही नाही.

आता समोरचा मोबाइलवाला. ‘मलाच का?’ हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या पत्रांत असतो. कायद्याच्या दृष्टीने उत्तर कडू आहे. दुसऱ्यावर कारवाई झाली नाही म्हणून माझ्यावरही करू नका, असं न्यायालयात टिकत नाही; बेकायदेशीर गोष्टीत समानता मागता येत नाही, हे न्यायालयांनी अनेकदा सांगितलंय. शिवाय त्याच्याकडे परवानगी नाहीच, हे तुम्हाला कुठे ठाऊक आहे? तुम्ही बोर्डाचं माप पाहिलंत, कागद पाहिला नाहीत. फारच डाचत असेल तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून तुमच्या रस्त्यावर कोणकोणत्या फलकांना परवानगी आहे याची यादी मागता येते. उत्तर द्यायला तीस दिवसांची मुदत असते. पण मी तुमच्या जागी असते तर आधी रस्ता ओलांडून त्याच्याकडे गेले असते आणि विचारलं असतं, ‘तुम्ही परवानगी कशी काढलीत हो?’ काढली असेल तर तुम्हाला अर्ज कुठे मिळतो, कोणत्या खिडकीवर द्यायचा, हे सगळं कळेल. नसेल तर दोघं मिळून जाल. त्याची चार पोरं रोज सकाळी तुमच्याकडेच चहा पितात, असं तुम्हीच लिहिलंय.

पत्रातलं एक वाक्य मात्र मला खटकलं: ‘हे सगळं वसुलीसाठीच आहे, बोर्डाने कोणाचं काय बिघडतं?’ वसुली आहे, नाही कोण म्हणतं. पण १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या छेडानगरला वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि सतरा माणसं गेली. महापालिकेची मर्यादा चाळीस बाय चाळीस फुटांची, ते होतं एकशेवीस बाय एकशेवीस. त्याच्या आदल्या वर्षी, १७ एप्रिल २०२३ ला, पिंपरी-चिंचवडजवळ किवळ्याला पाऊस-वाऱ्यात होर्डिंग पडून पाच जण गेले. पुण्यात जुन्या बाजाराजवळ ५ ऑक्टोबर २०१८ ला होर्डिंग काढतानाच सांगाडा सिग्नलवर थांबलेल्या वाहनांवर पडला, चौघे दगावले. तुमचा बोर्ड त्यांच्यापुढे काहीच नाही, हे खरं. तरी तो बारा फुटांचा लोखंडी सांगाडा आहे, आणि त्याच्या बरोबर खाली सकाळी आठला मिसळीची रांग असते.

फोटो मोठा करून पाहिला तेव्हा बोर्डाच्या डाव्या खालच्या कोपऱ्यातून भिंतीवर तांबूस ओघळ आलेला दिसला. तो गंज आहे. पत्र्याच्या पेटीत पावसाचं पाणी शिरतं, खालच्या अँगलमध्ये साचतं आणि वेल्डिंगचा सांधा आतून खातं. एलईडीचा अडॅप्टर त्याच पेटीत असतो. भिंतीला धरणारे बोल्ट किती आहेत आणि ते काँक्रीटमध्ये गेलेत की नुसत्या विटेच्या प्लास्टरमध्ये, हे एकदा फॅब्रिकेटरला शिडी लावून बघायला सांगा. नोटीस आली नसती तरी हे करायलाच हवं होतं. आणि बोर्ड उतरवायचं काम गर्दीच्या वेळी करू नका. दुकान बंद झाल्यावर, खाली दोरी लावून, मेन स्विच बंद करून.

फुटपाथवरची स्टँडी आजच आत घ्या. रस्त्यावर, फुटपाथवर ठेवलेल्या वस्तू पालिका नोटीस न देताही उचलू शकते. अतिक्रमणची गाडी आली की तुमच्या हातात फक्त गाडीच्या मागे धावणं उरतं. ‘आजचा मेनू’ दुकानाच्या काचेच्या आत, आतून चिकटवा. तिथे तो चालतो. खांबावरचा फ्लेक्सही काढा. एक तर खांब तुमचा नाही, त्यामुळे वर सांगितलेली सूट तिथे नाहीच. दुसरं, १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरणाचा कायदा अशा लावालावीला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही सांगतो. साताऱ्याच्या एका संस्थेच्या जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये बेकायदा फलकांबद्दल सविस्तर निकाल दिला. तेव्हापासून न्यायालय अधूनमधून पालिकांना झापतं, मग अचानक मोहीम निघते, आणि मोहिमेत सगळ्यात आधी असे खांबांवरचे छोटे फ्लेक्स जातात. वाढदिवसांचे मोठे फ्लेक्स का राहतात, हे विचारू नका. मलाही तेच विचारायचंय.

मग बोर्डाचं काय? माझं मत विचाराल तर कंपनीचा बोर्ड परत करा. ठेवायचाच असेल तर कंपनीच्या वितरकाकडून लेखी घ्या की परवानगी ते काढतील, शुल्क आणि नूतनीकरण ते भरतील, पडझडीची जबाबदारी त्यांची. तोंडी ‘हो हो मॅडम, बघून घेतो’ चालणार नाही. ते लिहून द्यायला तयार झाले तर उत्तमच, चौदा महिन्यांच्या थकबाकीचाही विषय त्याच बैठकीत काढा. कंपनी अर्धा भार उचलते का बघा. बऱ्याच वेळा उचलते, कारण तुमचा फ्रिजही तिचाच असतो आणि तुम्ही दुसऱ्या कंपनीकडे जावं असं तिला वाटत नाही.

पण सकाळी सहा ते तीनच्या धंद्याला प्रकाशित बोर्डाची गरजच काय? स्वतःचा, बिनदिव्याचा, भिंतीला सपाट बसणारा फलक करा. एसीपी (ॲल्युमिनियमच्या थराच्या) पत्र्यावर रंगीत अक्षरं लावून देणारे सगळीकडे आहेत. पेंटर चांगला मिळाला तर हाताने रंगवलेला अजून देखणा. हिवाळ्यात सहाला अंधार असतो, तेव्हा दुकानातल्या ट्यूबचा उजेड पुरतो. बोर्डावर बाहेरून झोत सोडायची युक्ती कोणी सुचवेल, ती करू नका. अधिकारी तोही प्रकाशितच धरतील. करण्याआधी परवाना विभागात जाऊन नामफलकाच्या उंची-लांबीची तुमच्या पालिकेची मर्यादा विचारून घ्या, शक्यतो ठरावाची प्रत मागा. आणि गाळामालकाची व सोसायटीची संमती लेखी घ्या. कलम २४५ खालची नोटीस जागेच्या मालकालाही जाऊ शकते, आणि मालकाला नोटीस गेली की पुढच्या वर्षीच्या भाड्याच्या बोलणीत ती निघतेच.

नवा बोर्ड करताना मराठीचं पाहा. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही पाटी देवनागरी लिपीत मराठीत लावणं बंधनकारक आहे. दुसरी भाषा लिहिता येते, पण मराठी अक्षरं आधी हवीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दुकानदारांना त्यासाठी दोन महिने दिले होते, ते कधीच संपले. सध्याच्या बोर्डावर कंपनीचं नाव रोमन लिपीत दोन फुटी आणि तुमचं देवनागरीत जेमतेम सहा इंची आहे. दुसरी नोटीस त्यावरून यायला वेळ लागणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द. क्लास, दवाखाना, पार्लर पहिल्या मजल्यावर असेल आणि तुम्ही कोपऱ्यावरच्या दुसऱ्याच इमारतीवर बाण काढून पाटी लावली असेल, तर तिला दिवा नसला तरी सूट नाही. सूट फक्त धंदा असलेल्या इमारतीला आहे. गच्चीवर खांब उभारून नाव लावणाऱ्यांनी रस्त्यावर उभं राहून पाहावं: अक्षरांच्या मागे आकाश दिसतं का? दिसत असेल तर ते आकाशचिन्ह, आणि त्याला लेखी परवानगीही लागते, वर सांगाडा भक्कम असल्याचा अभियंत्याचा दाखलाही. मुंबईत याच धर्तीची कलमं १८८८ च्या कायद्यात ३२८ आणि ३२८ अ ही आहेत. नगरपरिषद, नगरपंचायतीसाठी १९६५ चा कायदा वेगळा आहे, तेव्हा तिथल्या मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारा. महामार्गालगत असाल तर पाटीखालची जमीन नक्की कोणाची, हे आधी. आणि ज्यांना परवानगी मिळालीय त्यांनी तिची मुदत कधी संपते ते मोबाइलमध्ये टाकून ठेवा. नूतनीकरण विसरलेला फलक आणि विनापरवाना फलक यांत निरीक्षक फरक करत नाही.

राहिल्या सासूबाई. नेहमीचं गिऱ्हाईक आपल्याला ओळखतं हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. पण तुमच्या गल्लीत नवं वसतिगृह झालंय असं तुम्ही लिहिलंय; ती मुलं बोर्ड वाचत नाहीत, फोनमध्ये ‘मिसळ’ शोधतात. मोबाइलच्या नकाशावर दुकान नोंदवायला पैसे पडत नाहीत आणि पालिकेची परवानगीही लागत नाही. नाव मराठीत टाका, वेळ सहा ते तीन टाका, तर्रीचा एक चांगला फोटो टाका. सोमवारी सकाळी मात्र आधी पालिकेत जा. मुदतीतले तीन दिवस पत्र माझ्याकडे पोचण्यातच गेलेत.